तिची जागा

रशिदामावशी कुठल्याही पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायच्या.

पुस्तक जमिनीवर ठेवत नसत. पाट नसेल तर मांडीवर.

सुईत दोरा ओवताना श्वास धरायच्या. ओवला की सोडायच्या.

खळ शिजली की आधी चाखायच्या, मग त्यात मोरचूद घालायच्या. हा क्रम एकदाही चुकला नाही म्हणून जिवंत आहे, असं सांगायच्या.

पहिला टाका घालताना बिस्मिल्ला म्हणायच्या, ओठांतल्या ओठांत. शेवटच्या टाक्याला काही म्हणत नसत.

टाके मनात मोजायच्या. मोठ्याने कधीच नाही.

बांधून झालेलं पुस्तक कानाशी नेऊन पानं सोडायच्या. आवाज पटला तरच ते गठ्ठ्यात जायचं.

बांधायला आलेलं पुस्तक वाचत नसत. चाळीस वर्षांत एकही नाही.

आणि प्रत्येक फर्म्याला सात भोकं पाडायच्या. टाके सहा घालायच्या. सातवं भोक रिकामं.

या सवयी मी मोजल्या होत्या. कॉलेजात असताना लिहूनही काढल्या होत्या. पुढचं सगळं त्यातून झालं.

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे एका गल्लीत मावशींची खोली होती. शेजारी चिक्की करायचे. दिवसभर गुळाच्या पाकाचा वास यायचा आणि मावशींच्या खळीत मिसळायचा. त्यांनी बांधलेली पुस्तकं घरी नेली की वर्षानुवर्षं गोड वास येतो. वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांना तो आहे.

बायंडिंगचं काम त्यांच्या नवऱ्याचं, गफूरभाईंचं. शाळांची हजेरीपुस्तकं, दुकानांच्या वह्या. ते गेले तेव्हा मावशी सव्वीस वर्षांच्या होत्या. चौथी शिकलेल्या. सुई मात्र लहानपणापासून हातात होती. त्यांची आई नूरबी लेण्यांखालच्या भाजे गावात गोधड्या शिवायच्या. नूरबी पुढे मुलीकडे राहायला आल्या आणि त्याच खोलीत वारल्या, एकोणीस वर्षांपूर्वी. मावशींना मूल नव्हतं. वरच्या मजल्यावर पुतण्या नवाज राहायचा, पर्यटकांची गाडी चालवायचा.

मी भाज्याची. मराठी घेऊन बी.ए. करतानाच वाचनालयात सहायक म्हणून लागले. विस्कटलेली पुस्तकं मावशींकडे नेणं, बांधलेली आणणं, हे माझं काम. पंधरा मिनिटांचं काम. मी दोन तास बसायची. त्या मला यशो म्हणायच्या.

मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. फर्म्याच्या घडीत भोकं पाडायची आणि एक फर्मा दुसऱ्याला शिवत जायचं. पहिल्यातून दोरा आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत. सहाव्यातून बाहेर आला की पुढच्या फर्म्यावर. सातव्याचं काही काम नसतं. सातव्यात दोरा घातला तर तो आत जातो, आणि बाहेर यायला आठवं भोक नसतं.

मग ते पाडता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. मावशींच्या दातांत सुई होती.

"तिची जागा," त्या म्हणाल्या.

पुढे काही नाही. अम्मीने शिकवलं, एवढंच नंतर कळलं. मी पुन्हा विचारलं नाही. साहित्याची विद्यार्थिनी होते. मला चांगली ओळ मिळाली होती.

कॉलेजच्या वार्षिकात मी मावशींवर लेख लिहिला. नाव दिलं 'तिची जागा'. आत दोन पानं सवयी आणि एक पान माझं. 'ती' या शब्दाला मी अवतरणचिन्हं घातली. ही 'ती' कोण, ते ही बाई सांगत नाही. कदाचित ती या डोंगरांपेक्षा जुनी असेल, असं काहीतरी लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं. समारंभाला एक कादंबरीकार पाहुणे होते. त्यांनी लेख आवडल्याचं सांगितलं, अंक मागून घेतला आणि ते पुण्याला गेले. मावशींना मी अंक दाखवला होता. त्यांनी शिवण बघितली, पिना मारल्यात म्हणाल्या आणि परत दिला.

दोन वर्षांनी त्या पाहुण्यांची कादंबरी आली. 'रिकामा कोनाडा'.

कथा अशी. शिलालेखांचा एक अभ्यासक लेण्यात मेलेला सापडतो. त्याची विद्यार्थिनी शोध घेते. तिला दिसतं की मावळातल्या प्रत्येक जुन्या पूजास्थानात सहा कोनाडे कोरलेले आहेत आणि सातवा रिकामा आहे. तिथे एके काळी बायकांची एक परंपरा होती. पाणी, जन्म आणि मरण त्यांच्या हातात होतं. राजे, पुजारी, भिक्खू, मौलवी, सगळ्यांनी मिळून त्यांना पुसून टाकलं, आणि ते लपवायला पुरुषांची एक गुप्त सभा आजही माणसं मारते. पण बायकांनी खूण जपली. सुईदोऱ्यात. सहा टाके आणि सातवी जागा रिकामी. त्या तिला 'तिची जागा' म्हणतात. आणि डोंगरातल्या एका गावात बानू नावाची बायंडर बाई आहे. तिने गावातल्या प्रत्येक पुस्तकात ती खूण ठेवली आहे. शेवटी कळतं की बानूच ती आहे. सातवी.

पहिल्या पानावर छापलं होतं: या कादंबरीतल्या चालीरीती खऱ्या आहेत.

मी ती एका बैठकीत वाचली.  माझ्या लेखाचं मी कुणाला सांगितलं नाही.

कादंबरीवर वाद झाला. देवीचा अपमान झाला, असं एक पत्र वाचनालयाला आलं. लेण्यांची बदनामी झाली, असं दुसरं. तिसऱ्यावर सही नव्हती. दरम्यान साठ जणींनी पुस्तकासाठी नाव नोंदवलं होतं आणि प्रत एकच होती. ऑगस्टच्या दमटपणाने तिचा डिंक सुटला. फर्मे सुटे झाले, घड्या शाबूत राहिल्या. वाचनालयाचे कार्यवाह सुहास सर म्हणाले, मावशींकडे टाक, पक्की शिवून घे.

मला नेताना सांगता आलं असतं. मी ती प्रत गठ्ठ्यात मधोमध घातली. मावशी वाचत नाहीत, असं स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी गेले. भर दुपार होती. गल्लीत इतकं धुकं की शेजारच्या पाटीवरचं नाव दिसत नव्हतं. मावशींनी दिवा लावला होता आणि त्या उभ्या होत्या. काम करताना त्या कधी उभ्या नसत. हातात सुटा फर्मा होता.

फर्मे जुळवताना पानावर शब्द दिसले, त्या म्हणाल्या. 'तिची जागा'. मग थांबता आलं नाही. अडखळत, बोट ठेवून, त्यांनी दोन दिवसांत सगळं वाचलं होतं.

"हा माणूस माझ्या अम्मीला कधी भेटला?"

गोष्ट आहे मावशी, मी म्हटलं. कादंबरीत रचतात.

त्यांनी फर्मा माझ्यापुढे धरला. पान दोनशे अकरा. बानूची आई मरते. बोलणं बंद झालेलं असतं. ती बानूच्या मनगटावर बोट टेकवते, उचलते. सहा वेळा. सातव्या वेळी बोट वर राहतं.

"असंच झालं होतं," मावशी म्हणाल्या. "इथे. या पाटाजवळ. खोलीत मी एकटी होते. मी हे कुणाला सांगितलेलं नाही."

माझ्या लेखात हे नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

तेव्हा लेखाचं सांगायला हवं होतं. मी उठून दिव्याची वात सारखी करायला हात नेला, मग लक्षात आलं की तो विजेचा दिवा आहे.

आठवड्याभरात बायका यायला लागल्या.

वाचनालयातल्या कुणीतरी घरचं पुस्तक उघडून फर्म्याची घडी बघितली होती. सात भोकं, सहा टाके. तिने दुसरीला दाखवलं. मग घरोघरी पुस्तकं उघडली गेली. पाककृतींची, पोथ्यांची, गाइडांची. ज्याला गोड वास, त्यात सातवं रिकामं. मला वाचनालयात एक शिक्षिका म्हणाली, मी हे पुस्तक आठ वर्षं उशाशी ठेवून झोपते, मला काहीच माहीत नव्हतं. तिच्या आवाजात भीती होती आणि दुसरंही काही होतं.

त्याच सुमारास समितीने ठराव केला की कादंबरी कपाटात बंद ठेवावी. पण प्रत मावशींकडे होती. सुहास सर म्हणाले, तिथेच राहू दे, तिथे कोण शोधणार. बायकांनी शोधली. सुटे फर्मे होते, त्यामुळे एकाच वेळी सहा-सातजणी वाचू शकत होत्या. एक सतरावा फर्मा वाचायची, दुसरी तिसरा. शेवट आधी, सुरुवात नंतर. खोलीतल्या बाकावर दाटीने बसायच्या. मावशी त्यांच्यामध्ये खाली मान घालून शाळेची रजिस्टरं शिवायच्या. बायका फर्मा परत ठेवताना घडीच्या खालच्या टोकावरून बोट फिरवायच्या.

मावशींनी अजून त्या फर्म्यांना भोकं पाडलेली नव्हती. तरी बोट बरोबर तिथेच जायचं.

सुरुवातीला मावशींना हसू यायचं. एकीने विचारलं, तुम्हीच ना त्या? मावशी म्हणाल्या, मी त्या असते तर वीजबिल मागायला आलेल्याचा बेडूक केला असता. बाक हसला. मग कुणीतरी उंबऱ्यावर चाफ्याचं फूल ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या बांगड्या. तिसऱ्या दिवशी दिवा. तो मात्र त्यांनी स्वतः उचलून विझवला आणि बराच वेळ हात धुतले.

कोमल तुंगार्लीहून यायची. तलावाजवळच्या एका बंगल्याची देखभाल ती आणि तिचा नवरा करायचे. मार्चमध्ये तिचं तान्हं मूल गेलं होतं. तेव्हापासून तिला झोप नव्हती. ती काही वाचत नसे. बाकाच्या कडेला बसायची. एके दिवशी ती उठून मावशींसमोर खाली बसली आणि म्हणाली, एकदा डोक्यावर हात ठेवा.

मावशींनी नाही म्हटलं. कोमल बसून राहिली. शेवटी मावशींनी सुई पाटावर ठेवली आणि हात ठेवला.

कोमल तिथेच झोपली. बाकाला टेकून, दोन तास. तिच्या अंगावर मावशींनी नूरबींची गोधडी घातली. धुकं दारातून आत येत होतं आणि सगळ्याजणी फर्मे मांडीवर ठेवून तिचा श्वास ऐकत होत्या. मीही होते. आम्ही काहीतरी बघतोय असं वाटत होतं. दिसत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारजणी आल्या. पुस्तक न मागता.

मग अजीमचाचा आले. मशिदीचं काम बघणारे, गफूरभाईंचे जुने दोस्त. मी गठ्ठा बांधत होते, तशीच थांबले. ते रागाने आले नव्हते. चहा घेतला. छप्पर गळतं का विचारलं. मग कप खाली ठेवला.

"भाभी, मी काही म्हणत नाही. लोक मला विचारतात. ती जागा कुणाची, एवढं सांगा. मी सगळ्यांना सांगतो."

"सुईची असेल," मावशी म्हणाल्या.

"असेल, की आहे?"

मावशींनी सुई उचलून दोरा ओवायला घेतला. चाचा उठले. सांगावंसं वाटलं की निरोप पाठवा, म्हणाले आणि गेले.

मावशी रात्रभर जागल्या असणार. सकाळी वाचनालय उघडायच्या आत त्या दारात उभ्या होत्या. मी चाळीस वर्षं बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी शेवटी कुणासाठी तरी जागा सोडली. कुणासाठी सोडली ते मला सांगता आलं नाही, यशो. अजीमभाईंपुढे मला सांगता आलं नाही. अम्मीच्या वेळचं भाज्यात कुणी आहे का?

माझी शालनआत्या होती. सत्तरी उलटलेली, लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजते. आम्ही त्याच दिवशी गेलो. डोंगर दिसत नव्हता. पायऱ्या धुक्यात चढत गेल्यासारख्या वाटत होत्या, आणि वरून माणसांचे आवाज येत होते, माणसं नव्हती.

आत्या एका पर्यटक जोडप्याशी बोलत होती. मुलीच्या हातात 'रिकामा कोनाडा' होतं. सातवा कोनाडा कुठल्या लेण्यात, असं ती विचारत होती.

"वर हाय," आत्या म्हणाली. "चढून जावा. खाली आल्याव कणीस खावा."

ती दोघं वर गेली. रोज चारपाच येत्यात, आत्या मला म्हणाली. सापडत न्हाई कुनाला. भूक मातर लागती.

मी मावशींची ओळख करून दिली, नूरबीची मुलगी म्हणून. आत्याने चेहऱ्याकडे बघितलं नाही. हात बघितले.

"नूरबीचंच बोट," ती म्हणाली. "तुजी आय आमच्या वट्यावर बसून शिवायची. तिच्यासारखी सुई कुनाची न्हवती."

मावशींनी जागेचं विचारलं. आत्याला नवल वाटलं नाही. गोधडीची सातवी वळ, म्हणजे टाक्यांची ओळ, अर्धी सोडायच्या, तिने सांगितलं. नूरबी सोडायची, आत्याची आई सोडायची, वरच्या आळीतल्या सोडायच्या. एकमेकींच्या घरचं पाणी चालत नव्हतं तेव्हाही सगळ्या सोडायच्या. आमच्यात छप्पन साली बौद्ध होताना देव टाकले, टोपलीत भरून नदीला दिले. घरात एक टाक ठेवला नाही.

"पर हे सोडायचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई," आत्या म्हणाली. "ते देवात मोडतच न्हवतं."

"मग कशात मोडायचं?"

"सवयीत."

मावशी जरा सैल झाल्या. मला ते दिसलं. सवय हा शब्द त्यांना अजीमचाचांपुढे ठेवता आला असता. पण त्यांनी पुढचं विचारलं.

"कुणासाठी सोडायच्या?"

आत्याने कणीस फिरवलं. निखाऱ्यावर फुंकर घातली.

"म्याबी तुज्या आयला इचारलं हुतं. ती म्हनली, नाव इचारू नगं. नाव न्हाई तवर जागा ऱ्हाती. नाव दिलं की कोनतरी येऊन बसतंय."

मग तिने पहिल्यांदा मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता पुस्तकवाल्यानं नाव दिलंय," ती म्हणाली. "कोन बसलंय का बग."

मावशींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. कणसाचे पैसे आत्याने घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटलं.

परत खोलीवर आल्यावर मी सांगितलं. लेख, बक्षीस, पाहुणे, अंक. 'ती'ला घातलेली अवतरणचिन्हं. सांगताना मी पाटाकडे बघत होते. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"बक्षीस मिळालं."

त्या हसल्या. खरंच हसल्या. मला वाटलं, संपलं. मी घाईने म्हटलं की आता सगळ्यांना सांगता येईल. बायकांना, चाचांना. हे कुणा सभेचं गुपित नाही. एका मुलीच्या लेखावरून एका माणसाने रचलंय.

"आणि पान दोनशे अकरा?"

ते मी लिहिलं नव्हतं, म्हटलं. पण ज्याच्या हातात सहा टाके आणि एक रिकामं भोक आहे, तो मरणही तसंच लिहिणार. रचणाऱ्याला ते सुचतंच. आम्हाला हेच शिकवतात.

"म्हणजे अम्मीनेही रचलं होतं?"

 बाहेर चिक्कीवाल्यांकडे कुणीतरी पाटा ठोकत होतं. मावशी उठून हात धुऊन आल्या. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं ते मी आहे तसं लिहिते.

"कोमलच्या डोक्यावर हात ठेवला ना, तेव्हा हात जड झाला, यशो. माझ्या हातावर कुणी हात ठेवावा तसा. दुसऱ्या दिवशी चारजणी आल्या तेव्हा मी वाट बघत होते. सकाळपासून. मला ते आवडलं. अल्लाला माहीत आहे मी काय केलं आणि काय नाही, त्याची भीती नाही. मला आवडलं, याची भीती आहे."

त्यांनी ठरवलं होतं. ती प्रत त्या शिवणार, आणि शेवटच्या फर्म्याला सातवा टाका घालणार. मग ती बाकावर ठेवायची. बायकांना दाखवायची, अजीमभाईंना दाखवायची. जागा बंद आहे. इथे कुणी बसलेलं नाही. मग जी ती आपापल्या घरी जाईल.

सातव्यातून आत गेलेला दोरा बाहेर कसा येणार, मी विचारलं.

"शेवटच्या फर्म्याला बाहेर यायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "आतच गाठ मारायची."

एकोणीस फर्मे त्या लगेच शिवायला बसल्या. विसावा उद्या, म्हणाल्या. दुपारची नमाज झाली की. "तू ये. तू असताना घालते."

दुसऱ्या दिवशी मी दोन वाजता निघणार होते. सुहास सरांनी थांबवलं. आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर द्यायचं होतं आणि मजकूर माझ्याकडून हवा होता, मी साहित्याची म्हणून. संस्था कुणाच्याही श्रद्धेचा अनादर करू इच्छित नाही, असं मी लिहिलं. सरांनी 'श्रद्धेचा' काढून 'भावनांचा' केलं. मग परत 'श्रद्धेचा' केलं. सव्वातीन वाजले.

गल्लीत धुकं होतं. दार उघडं होतं. दाराबाहेर ओढून घेतलेल्या बाकावर कोमल एकटी बसली होती.

"मावशी आत आहेत," ती म्हणाली. "आज कुणी येऊ नका म्हणाल्या. तुम्ही जा."

मी विचारलं, काय करतायत?

"टाके मोजत होत्या. मोठ्याने."

मी तशीच उभी राहिले. मावशी मोठ्याने मोजत नसत.

"सहापर्यंत ऐकू आलं," कोमल म्हणाली. "मग नाही आलं. मला वाटलं, हळू म्हणाल्या असतील."

मावशी पाटासमोर बसलेल्या होत्या. मान किंचित पुढे, नेहमी असते तशी. हात पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. दोरा ओवताना श्वास धरायच्या, तसा धरल्यासारखा वाटत होता. मी वाट बघितली की त्या तो सोडतील.

डॉक्टर म्हणाले हृदय. अडीचच्या सुमारास. गेले वर्षभर त्यांना जिना चढताना धाप लागत होती, हे नवाजने तेव्हा सांगितलं.

अजीमचाचांनी सगळं केलं. मला वाटलं होतं ते विचारतील. त्यांनी विचारलं नाही. दफनाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चाळीसपन्नास बायका उभ्या होत्या, सगळ्या धर्मांच्या. कुणी रडत नव्हतं. जनाजा गेला तशा त्या बाजूला झाल्या, आणि मग पुन्हा जागेवर आल्या. प्रत्येकीजवळ एक पुस्तक होतं.

चौथ्या दिवशी नवाजने मला ती प्रत दिली. वाचनालयाची आहे, घेऊन जा, म्हणाला. मावशींनी सोडली होती तशीच, दोन फळ्यांमध्ये धरून. सुहास सर म्हणतात, पुण्याला पाठवू, तिथला कुणी बायंडर शेवटचा टाका घालेल, पाच मिनिटांचं काम. मी पाठवते म्हटलंय. तीन आठवडे झाले.

कोमल अजून बाकावर येऊन बसते. खोलीला कुलूप आहे. ती म्हणते, तिला झोप लागते.

शालनआत्याने एकदा पुस्तक लांबून बघितलं. हात लावला नाही. हितं ठिवू नगं, म्हणाली. मग म्हणाली, न्हाई, ऱ्हाऊ दे.

मला मावशींनी जुजबी शिवण शिकवली होती. सुई पुढे ओढून आत गाठ मारणं मला येतं. मागे घेणंही येतं. रोज हात धुऊन बसते आणि बघते.

वीस फर्मे आहेत. एकोणीस पुरे झालेत. विसाव्याला सहा टाके आहेत, मावशींच्या नेहमीच्या अंतराने. सातव्या भोकात सुई आहे. टोक आत, नेढं बाहेर. दोरा अजून ओढलेला नाही.